हिऱ्याचे गुणांक : चाळणी आणि पारख

आम्ही धान्याचे व्यापारी. तथापि लग्नकार्यात हिरा आमच्याही घरी येतो, म्हणून त्याच्या पारखीविषयी दोन शब्द.

हिऱ्याचे तेज मुख्यतः पैलूंच्या कोनांवर अवलंबून असते. मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी १९१९ साली गणिताने मांडले की, गोल हिऱ्याच्या माथ्याचा कोन ३४.५ व तळाचा ४०.७५ अंश असल्यास आत शिरलेला प्रकाश उत्तम प्रकारे डोळ्यांकडे परततो. तळ फार खोल वा उथळ झाल्यास तो निसटतो. मात्र खोल हिऱ्यात वजन टिकते, आणि ग्राहक दाम मोजतो ते कॅरटवर!

मेलबर्नचे गॅरी हॉलोवे यांचे गुणांकसाधन हे दोन कोन, खोली व माथ्यावरील सपाट पैलूची रुंदी पाहून ० ते १० गुण देते. येथे गुण कमी तितके बरे. दोनाहून कमी असल्यास हिरा पुढे पाहण्याजोगा. परंतु जीआयएच्या प्रमाणपत्रातील कोन हे सरासरीचे. माथ्याचा अर्ध्या अंशापर्यंत, तळाचा ०.२ अंशापर्यंत पूर्ण केलेला. एखादा वाकडा पैलू त्या सरासरीत लपतो.

चाळणीने खडे निघतात. गव्हाची प्रत वानगी तळहातावर घेतल्यावाचून कळत नाही. तद्वत् गुणांकाने नापसंती करावी, पसंती डोळ्यांनी. दोन हिरे शेजारी ठेवून, दुकानातील झगझगीत दिव्यांपासून दूर, खिडकीच्या उजेडात पाहावेत.

कमीअधिक माप हा तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचा अतिचार मानिला आहे. विकणाऱ्या बांधवांनी वजनासोबत कोनही सांगावेत, आणि घेणाऱ्यांनी ते निःसंकोच विचारावेत.