किशोरवयीन मधुमेही, व्यायाम आणि भ्रमणध्वनी

मधुमेह हा उतारवयातील विकार होय, असा समज आपल्याकडे अद्याप रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे इन्सुलिनचे इंजेक्शन ज्या पहिल्या रुग्णास देण्यात आले, तो लेनर्ड थॉम्प्सन अवघा १४ वर्षांचा होता. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात व हा विकार बहुधा बालवयात किंवा कुमारवयात प्रकट होतो. बैठी राहणी आणि स्थूलता यांमुळे दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही आता शाळकरी वयात आढळू लागला आहे.

दोन्ही प्रकारांत व्यायाम उपकारक ठरतो. स्नायू कार्यरत झाले की ते रक्तातील साखर वापरतात आणि इन्सुलिनचा परिणामही वाढतो. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक श्रम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. प्रत्यक्षात मात्र खेळता खेळता चक्कर येईल या धास्तीने मधुमेही मुलास मैदानाच्या कडेला बसविले जाते. ही धास्ती दूर करण्याच्या कामी भ्रमणध्वनीचे साहाय्य होऊ शकते.

संदेशांचे सामर्थ्य आणि मर्यादा

स्कॉटलंडमधील डंडी येथे ‘स्वीट टॉक’ नावाचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ ते १८ वर्षे वयाच्या ९२ मधुमेही मुलामुलींचा त्यात समावेश होता. इन्सुलिन, रक्ततपासणी, आहार वा व्यायाम यांपैकी एखादे उद्दिष्ट निश्चित करावयाचे आणि त्यास अनुरूप लघुसंदेश मोबाइलवर पाठवावयाचे, अशी ही योजना होती. संदेशांमुळे मुलांचा आत्मविश्वास वाढला. परंतु केवळ संदेशांनी रक्तशर्करेची सरासरी पातळी सुधारली नाही. ज्या गटात संदेशांच्या जोडीला इन्सुलिनची अधिक काटेकोर उपचारपद्धती अवलंबिण्यात आली, त्या गटात ती सुधारली. यंत्र हे उपचाराला पूरक असते, पर्याय नव्हे, हा यातील बोध होय.

आजचे अनेक भ्रमणध्वनी पावलांची मोजदाद करतात. केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेले ‘फिट इंडिया’ ॲपही विनामूल्य आहे. मात्र दहा हजार पावलांचा आकडा हा वैद्यकीय दंडक नसून, १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. म्हणून मुलाची तुलना आकड्याशी वा सवंगड्यांशी न करता त्याच्याच मागील आठवड्याशी करावी.

सुरक्षितता प्रथम

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने खेळापूर्वी रक्तशर्करा तपासावी. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास खेळ थांबवून सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, साखर द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. मूल बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. साखर २५० पेक्षा अधिक असून कीटोनही आढळल्यास व्यायाम वर्ज्य समजावा. व्यायामाचा परिणाम कित्येक तास टिकत असल्याने रात्रीही साखर उतरू शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

दंडावर लावलेला संवेदक दर काही मिनिटांनी शर्करेचा अंदाज मोबाइलवर दर्शवितो आणि ती घसरू लागताच इशारा देतो. हे साधन महाग आहे. ज्यांच्याजवळ ते नाही, त्यांना साधा रक्तशर्करामापक आणि फोनमधील गजर यांवरही वेळापत्रक पाळता येते.

येथे शाळेचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. वर्गात भ्रमणध्वनीस मनाई असणे समर्थनीय असले, तरी संवेदकाशी जोडलेला फोन हे औषधोपचाराचे साधन आहे. तो कार्यालयातील कपाटात बंद राहिल्यास इशारा ऐकणार कोण? मुख्याध्यापकांनी अशा विद्यार्थ्यास लेखी सवलत द्यावी. क्रीडाशिक्षकांनी साखरेची पुडी जवळ बाळगावी आणि पालकांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा. ग्रामपंचायतींनी मैदान मोकळे व प्रकाशित ठेवल्यास मुलींनाही सायंकाळी निर्भयपणे खेळता येईल.

भ्रमणध्वनी आठवण देईल, मोजमाप करील, धोक्याची सूचनाही देईल. मुलास मैदानावर बोलावून घेण्याचे काम मात्र शिक्षक, पालक आणि गाव यांनाच करावयाचे आहे.