पाऊस, सर्दी आणि गवती चहा

हॉस्टेलवर शिंका सुरू झाल्या की फोनवर आजी हमखास विचारते, "गवती चहा आहे का रे तिथे?" रत्नागिरीत हे विचारावंच लागत नाही. परसात, न्हाणीच्या पाण्यावर त्याचं एखादं बेट असतंच!

पाती जपून कापा, कडा धारदार असतात. कपभर पाण्याला दोन-तीन पाती, आल्याचा तुकडा, थोडा गूळ. उकळताना झाकण ठेवाच. लिंबासारखा वास ज्या सिट्रालमुळे येतो, ते वाफेबरोबर उडून जातं. गरमागरम घेतलात की घसा शेकतो, चोंदलेलं नाक मोकळं वाटतं. सर्दी काही त्याने पळत नाही, पण ते दोन-चार दिवस सुसह्य होतात.

मात्र एक लक्षात ठेवा. लावणीला चिखलात उतरला होतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल झालेत? मग काढ्यावर दिवस घालवू नका. तो लेप्टो असू शकतो. पायाच्या जखमेतूनही जंतू शिरतात. वेळेत औषध सुरू झालं तर माणूस बरा होतो. थेट डॉक्टरांकडे जा, चिखलात उतरल्याचं आवर्जून सांगा.

गवती चहा काय, परत आल्यावर आजी करून देईलच!