चालता संगणक बाद का ठरतो?

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. लोक अडतात ते दुसरीकडेच. टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलची यादी, थोडे अपवाद सोडता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६चा सुरळीत चालणारा लॅपटॉपही अपात्र! हा ग्राहकावर अन्यायच आहे. मात्र नवे यंत्र घेण्याची घाई नको. टीपीएम पुष्कळदा यंत्रात असते, फक्त बंद ठेवलेले असते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलसाठी ‘पीटीटी’, एएमडीसाठी ‘एफटीपीएम’ हा पर्याय आधी पाहा. प्रोसेसरच जुना असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली वापरून पाहता येते.