ईरी सरोवराच्या तळाचा पंचनामा

क्लीव्हलंड : पाण्यावरून भांडणारी राज्ये आपल्या वाचकांना नवी नाहीत; परंतु नदीतल्या गाळापायी एका राज्याने खुद्द अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या लष्करी अभियंता खात्यावर फिर्याद गुदरावी, असा मामला या शहरात घडला. ज्या कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने १९६९ साली पेट घेतला, तिच्या पात्रात पोलादाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बोटींसाठी गाळ उपसण्याची जबाबदारी याच खात्याची. दूषित गाळ अनेक वर्षे काठालगतच्या बंदिस्त बांधांत ठेवला जाई. नव्याने उपसलेला गाळ आता पुरेसा स्वच्छ असल्याने खुल्या ईरी सरोवरात टाकावा, नाहीतर वाढीव खर्च राज्याने सोसावा, असा पवित्रा खात्याने घेतला, तेव्हा ओहायो राज्याने २०१५ साली न्यायालय गाठले.

उद्या टाकायच्या गाळाचे काय होईल हे जाणायचे, तर पूर्वी खुल्या सरोवरात टाकलेल्याचे काय झाले ते पाहावे लागते. त्या जुन्या जागेवरील पीसीबी हे विषारी द्रव्य शहराच्या पाणीउपशाच्या दिशेने सरकत आहे, असे राज्याच्या पर्यावरण खात्याचे म्हणणे. अभियंत्यांना ते अमान्य.

या वादाचा निवाडा तळाच्या नमुन्यांवर. नमुना घेण्याचे साधन म्हणजे दोन पोलादी जबड्यांचा पोहरा. तळ गाठताच तो मिटतो. मात्र जबड्यांत एखादा शिंपला अडकला, की वर येईतो बारीक गाळ धुऊन जातो, आणि नेमके त्या बारीक कणांनाच पीसीबी चिकटत असल्याने तो नमुना फेकून द्यावा लागतो. पुढचे काम संख्याशास्त्राचे. शेजारशेजारचे दहा नमुने म्हणजे एकाच घरातील दहा भावांची साक्ष. ती दहा स्वतंत्र साक्षींच्या तोलाची धरता येत नाही. जेथे द्रव्य यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली राहते, तेथे शून्य मांडायचे की मर्यादेच्या निम्मे, यावरून सरासरी हलते. पीसीबीच्या २०९ प्रकारांचे परस्परप्रमाण पाहून उगम ओळखता येतो खरा, पण हलके प्रकार कालांतराने विरत असल्याने ही ओळखही पुसट होत जाते.

माझ्या मते खरी मेख तुलनेत आहे. नव्या गाळाची रुजवात सरोवराच्या कोणत्या तळाशी घालायची? जुन्या गाळाने आधीच मळलेला तळ तुलनेस घेतला, तर नवा गाळ निर्दोष ठरणारच, आणि त्यासाठी एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. राज्याचाही आक्षेप हाच होता, आणि त्याला मला तरी समर्पक उत्तर दिसत नाही.

२०१७ साली निकाल ओहायोच्या बाजूने लागला. तत्पूर्वीच राज्याच्या विधिमंडळाने १ जुलै २०२० पासून, काही अपवाद वगळता, खुल्या सरोवरात गाळ टाकण्यास बंदी करणारा कायदा संमत केला होता. आता क्लीव्हलंडचे बंदर-मंडळ गाळातील वाळू निवडून ती भरावासाठी विकते.