अंगावरचे गाणे (भाग ५) : बारवेत उतरल्यावर

किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून मोबाइल आपली जागा काढतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आता त्या जागेला गाणे जोडू.

नकाशावर गोल आखायचे आणि प्रत्येक गोलात एक ध्वनी ठेवायचा. माणूस गोलात शिरला की त्याच्या अंगावरच्या यंत्रातून तो ध्वनी उमटतो; पुढे सरकला की विरतो आणि शेजारचा वर येतो. वाट बदलली की रचनाही बदलते. ‘ब्लूब्रेन’ या दोन भावांच्या जोडीने २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल परिसरासाठी असा अल्बम काढला. तो घरी बसून ऐकताच येत नसे. मे २००० पर्यंत अमेरिका उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. शंभरेक मीटरच्या त्या घोळात असले प्रयोग अवघडच होते.

हेच वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या जुन्या बारवेत करायचे ठरवले तर? पायऱ्या उतराव्या तसे आकाश आक्रसते, उपग्रह कमी दिसतात, आलेले संदेशही दगडी भिंतींवर आपटून येतात. इथे ब्लूटूथचे छोटे प्रक्षेपक लावावे लागतील. त्यांच्यावरून अंतराचा अंदाज येतो, पण ढोबळ. म्हणून पायरीगणिक सूर बदलण्याचा हट्ट सोडून टप्प्याटप्प्यावर ध्वनी ठेवलेले बरे.

ध्वनी कुठला? जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कुठल्या गावची, कुणी गायलेली, याच्या नोंदी ठेवल्या. गाणे जागेला बांधण्याचे काम त्यांनी असे आधीच करून ठेवले आहे.

माझी अडचण इअरफोनपाशी आहे. कान बंद करून शेजारी-शेजारी फिरणाऱ्यांना सहभागी कसे म्हणायचे? आपल्याकडे वारीत विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा, टाळकऱ्याच्या गळ्यात टाळ. पालखीबरोबर चालताना एका दिंडीचा अभंग मागे पडतो, दुसरीचा जवळ येतो. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारे शांत होतात. मात्र जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते, आणि तिचे ऐकून घ्यावे लागते. ऐकणाऱ्याने उलट बोलण्याची ही सोय जागेला गाणे जोडणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये नाही.

तेव्हा बारवेसाठी गळ्यात अडकवायचा लहान स्पीकर हवा, सर्वांना ऐकू जाणारा. दोघे एका टप्प्यावर आले की ओवीचा पुढचा चरण उमटावा, एकट्याला तो मिळू नये. यंत्रे एकमेकांना कशी ओळखतात ते पुढच्या भागात. तोवर हट्टा परिसरातल्या वाचकांनी घरातल्या आजींच्या ओव्या त्यांना विचारून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. गाणारीचे आणि गावाचे नाव सुरुवातीलाच तिच्याच आवाजात घ्यावे.