परापासून बोटांपर्यंत

माणसाच्या हाताची हाडे ठरलेल्या क्रमाने येतात: दंडात एक, कोपराखाली दोन, मग मनगटाची लहान हाडे आणि शेवटी बोटे. डेव्होनियन काळातील युस्थेनॉप्टेरॉन या माशाच्या पुढच्या परातही आधी एक आणि मग दोन हाडे आहेत. बोटे मात्र नाहीत. ती कधी आणि कशासाठी आली, याचे उत्तर १९३८ ते २०२० या काळात पार बदलून गेले.

२२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात, बोटीवरून उतरलेल्या मासळीत संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना जाड खवल्यांचा एक निळसर मासा आढळला. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलकँथ असल्याचे ओळखले. हा गट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाला, अशी तोवर समजूत होती. त्याच्या मांसल परांमुळे तो समुद्रतळावर चालत असावा, असा तर्क झाला. १९८७ मध्ये पाणबुडीतून झालेल्या चित्रणात तो पर आळीपाळीने हलवताना दिसला, पण चालताना नव्हे. पुढे २०१३ मध्ये जनुकसंचाच्या अभ्यासातून चतुष्पादांचे, म्हणजे चार पायांच्या कणाधारी प्राण्यांचे, अधिक जवळचे नातलग फुप्फुसमासे असल्याचे स्पष्ट झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर जीवाश्मतज्ज्ञ आल्फ्रेड रोमर यांचे स्पष्टीकरण सर्वमान्य होते: डबकी आटू लागली की दुसरे पाणी गाठण्यासाठी प्राण्यांना सरपटावे लागे आणि त्यातूनच पाय घडले. ग्रीनलंडच्या इक्थिओस्टेगा या डेव्होनियन चतुष्पादाची चित्रेही पाच बोटांच्या, जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्याचीच काढली जात.

या समजाला धक्का बसला तोही पूर्व ग्रीनलंडमध्येच. १९८७ च्या मोहिमेत जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांना अकँथोस्टेगा या दुसऱ्या डेव्होनियन चतुष्पादाचे उत्तम जीवाश्म मिळाले. १९९० मध्ये क्लॅक आणि मायकेल कोट्स यांनी त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे असल्याचे दाखवले. इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात निघाली. अकँथोस्टेगाला माशासारखे कल्ले होते, शेपटीवर रुंद पर होता आणि त्याचे पाय शरीराचे वजन पेलण्याजोगे नव्हते. म्हणजेच बोटे पाण्यात राहणाऱ्या प्राण्यालाच आली होती.

मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला दुवा जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन, टेड डेश्लर आणि फारिश जेंकिन्स यांनी योग्य वयाचे खडक निवडून शोधला. कॅनडाच्या एल्समियर बेटावर ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीच्या गाळात २००४ मध्ये टिक्टालिक सापडला. त्याचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला खवले आणि पर आहेत, पण डोके चपटे असून खांद्यापासून सुटे आहे. त्यामुळे त्याला मान वळवता येई. परात मनगटासारखे सांधे आहेत, त्यांवर तो उथळ पाण्यात अंग उचलू शके.

२०१० मध्ये पोलंडमधील झाहेल्मीए येथील सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांचे वर्णन आले. त्या चतुष्पादांच्याच असतील, तर पाय टिक्टालिकच्याही आधी आले होते आणि टिक्टालिक हा थेट पूर्वज नसून मागे उरलेली शाखा ठरतो. या खुणांबद्दल मतभेद आहेत. बोटांचा पुढचा पुरावा मात्र हाडांमधून आला. १९३८ मध्ये कवटीच्या तुकड्यावरून नाव मिळालेल्या एल्पिस्टोस्टेगे या माशाचा संपूर्ण सांगाडा क्यूबेकमधील मिग्वाशा येथे मिळाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात, पराच्या आत, परकाड्यांनी झाकलेली बोटांची हाडे दिसली.

नेमक्या तारखांचा वाद बाकी असला, तरी बदलांचा क्रम आता बराच पक्का झाला आहे. मान, मनगट आणि बोटे उथळ पाण्यातच घडली. जमिनीवर चालण्यासाठी त्यांचा उपयोग नंतर झाला.