दुवाही आणि दवाही

घरातलं माणूस रात्ररात्र जागं राहू लागलं, एकटंच पुटपुटू लागलं, की पहिला संशय येतो तो बाहेरच्या बाधेचा. मग उतारा, अंगारा, देवऋषी. याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, देवऋषी हाकेच्या अंतरावर. शिवाय तो वेळ देतो, घरच्यांना सोबत बसवतो आणि दोष बाधेवर ढकलून रुग्णावरचा ठपका काढून घेतो. चिंता, उदासी यांत कधी एवढ्यानंही उतार पडतो.

स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. तिथे उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं अवघड होतं. मारहाण आणि साखळदंडांना तर कसलंच समर्थन नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका मनोरुग्ण-आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. मानसिक आरोग्यविषयक २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे.

श्रद्धा न मोडता औषधापर्यंत नेण्याची वाटही आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. २००८ पासून तिथल्या मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. मुजावर दुवा करतो आणि आवारातल्याच दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवतो. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्यानेच सांगितलं, म्हणून घरचे गोळ्यांना तयार होतात.